दारापुढे एक तरी द्राक्षवेल

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर दर अंकात आपण उसाविषयी बोलतो. लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, पाचट, ठिबक, हुमणी. या वेळी ऊस थोडा बाजूला ठेवून द्राक्षावर लिहितो आहे. साहेबांनी पक्ष बदलला, असे कृपया कोणी म्हणू नये. ऊस मोडून द्राक्षबाग करा असे माझे सांगणे नाही. उलट ज्याला बागेचा अनुभव नाही, भांडवल नाही आणि घरात औषधाच्या पंपामागे फिरणारे माणूस नाही, त्याने पाहुण्याच्या बागेचे आकडे ऐकून उसाचे रान मोडू नये, असेच मी प्रत्येकाला सांगत आलो आहे. मी बोलतो आहे ते दारापुढच्या किंवा परड्यातल्या एका वेलीबद्दल. एक वेल. फार हौस असेल तर दोन.

उसाची नोंद घ्यायला वस्तीवस्तीवर फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. ऊस पार उंबऱ्याला येऊन टेकलेला आहे. पूर्वी प्रत्येक वस्तीला परडे असायचे. न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू, कुंपणावर घेवडा नाहीतर पावटा, गोठ्याच्या छपरावर दुधीभोपळा, कोपऱ्यात शेवगा आणि कढीलिंब. आज शेवटची सरी गोठ्याच्या भिंतीला घासून जाते. एकरी चाळीस-पन्नास टन पिकवणारा आपला सभासद आठवडी बाजारात मेथीची जुडी विकत घेतो, शेवग्याची शेंग विकत घेतो, कोथिंबीर तर रोजचीच. आणि द्राक्षे? पोरगं तापानं फणफणलं, की पाव किलो.

"साहेब, गुंठ्या-गुंठ्याचा ऊस मोजतो आम्ही, परड्याला जागा कुठनं आणायची?" हा प्रश्न नेहमीचा. तेव्हा हिशेबच मांडू. एकरी चाळीस टन धरले तर गुंठ्याला पडतो एक टन. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करा. बेणे, खत, मशागत, पाणीपट्टी वजा करा. उरेल तेवढे तुमच्या एका गुंठ्याचे वर्षाचे खरे उत्पन्न. आता घरातल्या कारभारणीला बोलवा आणि विचारा, भाजी-फळाला वर्षाला किती जातात. मी काही घरी असा हिशेब ओसरीवर बसून केलेला आहे. निम्म्यावर आल्यावर पुरुषमंडळींना एकदम मोटार चालू करायची आठवण होते आणि वहिनी पदराआड हसतात.

शिवाय उसाचा पैसा येतो तो हप्त्यांनी. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे, त्यात चौदा दिवसांची मुदत लिहिलेली आहे, हे आपण सारे जाणतो. कारखान्याच्याच अंकात यावर याहून जास्त लिहिणे मला शोभणार नाही. पण बिल कोणत्याही तारखेला जमा होवो, चूल दोन्ही वेळा पेटते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद झाले, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी घरांभोवती शेकडो टन ऊस उभा होता आणि कोरड्यासाला काय करायचे हा प्रश्न घरात होता. त्याच दिवसांत बागायतदारांच्या द्राक्षांना गिऱ्हाईक मिळेना. पिकवणाऱ्याकडे माल पडून आणि आपल्याकडे पोरांना फळ नाही. मधले अंतर दहा-वीस मैलांचे.

कोणी म्हणेल, परडे करायचे तर भाजी लावा, द्राक्षाचे चोचले कशाला? भाजी लावाच. पण वेलीचा एक मोठा गुण असा, की ती जमीन मागत नाही. एक खड्डा मागते. बाकीचा सगळा पसारा डोक्यावरच्या मांडवात. अंगणात मांडव घातला तर खाली म्हातारी माणसे बसतात, वाळवण सोडून सगळी कामे होतात, शेरडू बांधता येते. एप्रिलच्या छाटणीनंतर महिनाभर मांडव उघडा पडतो आणि नेमके तेव्हाच ऊन कडक असते, ही तक्रार खरी आहे. तेवढा महिना सोसावा लागतो.

आता एक वेल देते किती, तेही फुगवून सांगायला नको. चांगला बागायतदार एकरी दहा टन काढतो. म्हणजे गुंठ्याला अडीचशे किलो, आणि दहा फूट बाय दहा फुटांच्या मांडवाला वीस-बावीस किलो. तो संजीवके वापरतो, ठरावीक दिवसांनी खते सोडतो, रात्री उठून पाऊस बघतो. आपण त्यातले फारसे करणार नाही. तेव्हा निम्मे धरा, दहा किलो. फेब्रुवारी-मार्चमध्ये महिनाभर घरातल्या पोरांना रोज वाडगाभर. याला कोणी स्वावलंबन म्हणो न म्हणो. भाकरीची जागा द्राक्ष घेत नाही. पण परडे म्हणजे अशा दहा-बारा लहान गोष्टींची बेरीज असते. शेवगा, लिंबू, पपई, दोन वाफे भाजी, चार कोंबड्या आणि एक वेल.

आपल्या कार्यक्षेत्रात हौसेने लावलेल्या वेली नाहीत असे नाही. पण त्यातल्या निम्म्यांहून जास्त घरी एकच रडगाणे ऐकतो. "साहेब, वेल लई माजली, पत्र्यावर चढली, पर घड काय दिसंना." काही जणांनी तर ती वांझ ठरवून बुंध्यातून तोडली. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख इथेच आहे.

थंड मुलखात हिवाळ्यात द्राक्षाची पाने गळतात, वेल झोपी जाते. वर्षातून एकदा छाटतात, एकदा पीक घेतात. आपल्याकडे तिला झोपच नाही. चौदाव्या शतकात दौलताबादेला राहून गेलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवले आहे, की तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात. आपल्या दख्खनच्या हवेत वेल बारमाही हिरवीच असते. म्हणून आपल्या बागायतदारांनी दोन छाटण्यांची रीत बसवली. एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. छाटण्या दोन, पीक एक.

उसाच्या डोळ्यात जसे पुढच्या उसाचे कोंब तयार असते, तसे द्राक्षकाडीच्या डोळ्यात पुढच्या फेब्रुवारीचा घड आधीच बसलेला असतो. तो कधी बसतो? एप्रिल छाटणीनंतर जी नवी काडी फुटते, तिच्यावर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान. म्हणजे मे अखेर आणि जूनमध्ये. त्या काळात काडीवर ऊन पडले, डोळ्यांना उजेड मिळाला, तर आत घड तयार होतो. गर्दी, सावली, ढगाळ हवा, वारेमाप पाणी आणि वारेमाप युरिया असेल तर त्याच जागी घडाऐवजी तणावा, म्हणजे नुसती बाळी तयार होते. पुढे ऑक्टोबरात तुम्ही कितीही चांगली छाटणी करा, जे डोळ्यात बसलेच नाही ते बाहेर कुठून येणार?

घरोघरी होते काय, तर एप्रिलची छाटणी कोणी करतच नाही. हिरवी वेल तोडायला जीव होत नाही. आणि आपला ऊसवाल्याचा हात युरियाला सैल. उसाला टाकून उरलेले ओंजळभर वेलीच्या बुडात गेले, की वेल भिंत सोडून पत्र्यावर जाते आणि आपण शेजाऱ्याला कौतुकाने दाखवतो. मग कोणीतरी ऐकीव माहितीवर दसऱ्याला ती मेंदीच्या कुंपणासारखी दोन डोळ्यांवर कापतो. थॉमसनसारख्या बिनबियांच्या जातीत बुडाच्या दोन-तीन डोळ्यांत घड फारसा नसतोच, तो असतो पुढे, पाचव्या-सहाव्या-सातव्या डोळ्याला. म्हणजे होते नव्हते तेही कात्रीने गेले. वेल वांझ नसते हो. आपल्याला तिचे वेळापत्रक ठाऊक नसते.

रीत अशी. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, फळ उतरवून वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती मिळाल्यावर, ओलांड्यावरच्या सगळ्या जुन्या काड्या एक-दोन डोळे ठेवून कापाव्यात. फुटी आल्या की फेलफुटी काढून टाकाव्यात, दोन काड्यांमध्ये हाताची वीतभर मोकळीक राहील इतपत. काडी सात-आठ पानांची झाली की शेंडा मारावा. त्यातून बगलफूट निघेल तिचा पाच पानांवर शेंडा मारावा. याला बागायतदार सबकेन करणे म्हणतात. त्या गाठीच्या आसपासचे डोळे घडाला चांगले असतात. जूनपासून नत्र पूर्ण बंद. पाणी बेताचे. ऑगस्ट-सप्टेंबरात काडी हिरवीची तपकिरी झाली, नखाने खरवडून पाहिली तर आत कोरडी-घट्ट लागली, की काडी पिकली. मग पाऊस पूर्ण उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला, गोडी छाटणी. सबकेनच्या गाठीपुढे एक-दोन डोळे ठेवावेत. सरळ काडी असेल तर सहा ते आठ डोळे. बियांच्या जातींना चार-पाच डोळे पुरतात. पेन्सिलीपेक्षा बारीक काडी ठेवू नये, तिच्यापासून काही निघत नाही.

बागायतदार या वेळी डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतात. घरच्या वेलीला ते मुळीच आणू नका. ते जहाल आहे, आणि ते हाताळलेल्या माणसाच्या पोटात त्याच दिवशी दारू गेली तर जिवावर बेतू शकते. आपल्याला सगळे घड एका तारखेला उतरवून ट्रक भरायचा नाही. डोळे मागे-पुढे फुटले तर द्राक्षे महिनाभर पुरवून खाता येतात, एवढेच. काडी हाताने हलकी पिळून मांडवाला आडवी बांधली तरी बरेच डोळे जागे होतात.

जातीबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही, तरी लिहितो. बाजारात लांब मण्याचे, बिनबियांचे, करकरीत द्राक्ष पाहून लोक नर्सरीत तीच जात मागतात. तो मणी तेवढा लांब होतो जिब्रेलिक आम्लाच्या पाण्यात घड बुडवून बुडवून. घरी थॉमसन लावली आणि काही केले नाही तर मणी हरभऱ्याहून थोडा मोठा, लंबगोल, पातळ सालीचा आणि फार गोड येतो. तोच तिचा मूळ मणी. तो चालणार असेल तर थॉमसन किंवा तिच्यातून निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका या जाती जरूर लावा. या दोन्ही जाती शेतकऱ्यांनी काढलेल्या आहेत. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश निवडली, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका. आपल्या बागेतली वेगळी दिसणारी काडी ओळखून ती जपण्याची नजर त्यांना होती. ८६०३२ च्या प्लॉटमध्ये फिरताना आपल्यापैकी किती जण एवढे निरखून पाहतात?

पण ज्याला कटकट नको त्याने बियांची, जाड सालीची, काळी बंगलोर ब्लू लावावी. चव आंबटगोड, वास दांडगा, बिया थुंकाव्या लागतात. करपा तिला सहसा धरत नाही, बुडाच्या डोळ्यांतही घड येतो, छाटणीत थोडे चुकले तरी ती माफ करते. केवड्याकडे मात्र लक्ष ठेवावे लागते. सरबताला तिच्यासारखी दुसरी नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काटावबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून काढलेली एआरआय-५१६ ही जात बुरशीच्या रोगांना बरीच दाद देत नाही आणि तिचा रसही उत्तम. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची मांजरी मेडिका हीसुद्धा रसाची जात. जाता जाता संचालक मंडळाला एक सूचना. आपण दरवर्षी सभासदांची सहल मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला नेतो. हे द्राक्ष केंद्र १९९७ पासून त्याच मांजरी भागात आहे. बस अर्धा दिवस तिकडे वळवायला काय हरकत आहे?

रोप घेताना ओळखीच्या, नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्यावे. आमच्या गटातील एका सभासदाने बाजारच्या दिवशी टेम्पोवाल्याकडून 'शरद' म्हणून रोप घेतले. तीन वर्षांनी कळले, की ते नुसते खुंटरोप होते, डॉगरिजचे, कलम कधी केलेच नव्हते. पाने झकास, द्राक्ष शून्य. डॉगरिज हा खुंट आपल्या भागात उपयोगी मात्र आहे. जिथे पाटाच्या पाण्याने जमीन क्षारपड झाली, चुनखड वर आली, तिथे स्वतःच्या मुळावरची वेल पिवळी पडते. खुंटावर कलम केलेली तग धरते. जमीन निचऱ्याची, मुरमाड असेल तर साधी काडी लावली तरी पुरे.

खड्डा तीन फुटांचा, भिंतीपासून दोन-तीन फूट लांब, दिवसाचे निदान सहा तास ऊन येईल असा. आंब्याच्या किंवा चिंचेच्या सावलीत वेल लावणे म्हणजे काडी वाया घालवणे. खड्ड्यात शेणखत आणि आपल्या कारखान्याचे प्रेसमड कंपोस्ट, पूर्ण कुजलेले. ताजे गरम प्रेसमड घातले तर मुळ्या जळतात. बुडाशी पाचटाचे आच्छादन. न्हाणीचे पाणी द्यायला हरकत नाही, पण धुण्याचे पाणी नको. धुण्याच्या सोड्याने जमीन चोपण होते, हे क्षारपड रानाच्या मालकांना मी वेगळे सांगायला नको. वाढलेल्या वेलीला उन्हाळ्यात एक दिवसाआड दोन-तीन बादल्या पुरतात. मणी पाणी भरून मऊ पडायला लागले की पाणी कमी करावे, नाहीतर मणी तडकतात. मांडव सात फूट उंच, जुन्या पाइपाचा किंवा अँगलचा, वर तारा. बांबूचा केला तर तीन वर्षांत मोडतो आणि मोडतो तो नेमका घड लागलेले असताना. पहिले वर्ष खोड आणि दोन ओलांडे तयार करण्यातच जाते. फळ दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. घाई करणाऱ्याने मिरची लावावी.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो. उसातल्या तणाला आपण टू-फोर-डी मारतो. मी स्वतः त्याच्या शिफारशी सभासदांना दिलेल्या आहेत, पुढेही लागेल तिथे देईन. परंतु द्राक्षवेल या औषधाला जितकी हळवी आहे, तितके दुसरे पीक क्वचित असेल. शेजारच्या रानात मारलेल्या औषधाची वाऱ्यावर आलेली झुळूकही तिला पुरते. नवी पाने पंख्यासारखी अरुंद होतात, शिरा एकीकडे गोळा होतात, कडा दातेरी होतात, शेंडे वाकतात, फुलोऱ्यात असेल तर मणीच धरत नाहीत. आणि वेळ कशी जुळते पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण, तिला महिना-सव्वा महिन्याने तणनाशक. नेमकी त्याच वेळी गोडी छाटणीची वेल फुलोऱ्यात. टोमॅटो, वांगे, भेंडी, कपाशी यांचीही तीच गत होते. कितीतरी बायका म्हणतात, "परड्यात काय लावलं तरी आकसतंय, कुणाची नजर लागली की काय." नजर नव्हे, ती आपल्याच पंपाची करणी असते.

आमच्या भागात यावरून दोन भावकीत वर्षभर बोलणे बंद होते. एकाने दुपारच्या वाऱ्यात बांधालगत फवारले, दुसऱ्याच्या मांडवावरची वेल आकसली. प्रकरण ग्रामपंचायतीपर्यंत गेले. फवारणाऱ्याचे म्हणणे, मी माझ्या रानात फवारले. कायद्याने कोण बरोबर हा प्रश्न वेगळा. पण वस्तीलगत, परड्यालगत टू-फोर-डी मारूच नये, असे माझे ठाम मत आहे, आणि आमच्या शेतकी खात्याने शिफारस लिहून देतानाच ही अट त्यात लिहावी. घराकडच्या दहा-बारा सऱ्या खुरप्याने भांगलून घ्याव्यात. बाकी रानात मारायचे तर सकाळी, वारा पडलेला असताना, नोझल खाली धरून, आणि वारा कोणाच्या दाराकडे वाहतो ते पाहून. सगळ्यात महत्त्वाचे, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. तोच पंप दोनदा विसळून वेलीवर बोर्डो मारला तरी वेल बसते. पंपाला लाल रंगाची चिंधी बांधा, म्हणजे गडी माणसालाही कळेल.

घरच्या वेलीला औषध अजिबात लागत नाही, असे मात्र समजू नका. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो पाऊस झाला त्यात नाशिक-सांगलीच्या मुरलेल्या बागायतदारांच्या बागा केवड्याने गेल्या. आपली वेल काही निराळी नाही. छाटणी झाली की एक टक्का बोर्डो, म्हणजे लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना. प्लॅस्टिकच्या बादलीत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावे. लोखंडी विळा बुडवून पाहावा, त्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला आहे, आणखी घालावा. कोवळ्या पानांवर अर्धा टक्काच मारावे. पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही कडक उन्हात नको. मण्यांत पाणी भरायला लागल्यावर काहीही मारू नये. तिथून पुढे शत्रू म्हणजे पाखरे आणि रात्रीची वटवाघळे. त्यांना औषध नाही. घडांना जुन्या कापडाच्या नाहीतर कागदाच्या पिशव्या बांधाव्यात. एखादा घड बुलबुलाला उघडा ठेवला तर तो बाकीच्यांच्या वाटेला जात नाही, असे आमचे एक चिटबॉय छातीठोक सांगतात. मला तसा अनुभव नाही.

द्राक्ष केळी-आंब्यासारखे अढीत पिकत नाही. वेलीवरून उतरले तेव्हा जेवढे गोड, तेवढेच शेवटपर्यंत. म्हणून रंग आला की तोडायची घाई करू नका. गट ऑफिसच्या कपाटात उसाच्या पक्वतेसाठी ठेवलेला ब्रिक्स मीटर आहे. त्याला द्राक्षाच्या रसाचा थेंबही चालतो. घडाच्या खालच्या टोकाचा मणी घ्यावा, तो सगळ्यात शेवटी गोड होतो. अठराच्या खाली असेल तर आठवडाभर थांबावे. मधुमेहाच्या मंडळींनी मात्र ब्रिक्सचा आकडा वाचून समाधान मानावे.

खाऊन उरली तर बेदाणा करता येतो. चार किलो द्राक्षाचा एक किलो. बागायतदार पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाईल ओलिएटच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये पंधरा-वीस दिवसांत वाळवतात. घरी चार-पाच किलोसाठी तो उद्योग नको. बिनबियांचे घड स्वच्छ धुऊन, पुसून, माळ्यावर हवेशीर सावलीत दोरीला टांगावेत. वेळ जास्त लागतो, रंग काळपट येतो, शिऱ्याला काही फरक पडत नाही.

येत्या ऑक्टोबरात ज्यांच्या घरी चांगली फळणारी वेल आहे, त्यांना एक विनंती. छाटणीत निघालेल्या काड्या उकिरड्यावर टाकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पिकलेल्या, चार डोळ्यांच्या काड्या करा. खालचा काप डोळ्याखाली सरळ, वरचा तिरपा, म्हणजे कोणी उलटी लावणार नाही. उसाची टिपरी आडवी पुरली तरी उगवते. ही उभीच लावावी लागते, दोन डोळे मातीत, दोन वर. ओल्या गोणपाटात गुंडाळून, जात लिहून, गट ऑफिसला आणून द्या. जातीचे नाव माहीत नसेल तर "काळी, बियांची, आंबटगोड" एवढे लिहिले तरी चालेल. आमच्या गटात पिशव्या, माती आणि कंपोस्ट मी तयार ठेवतो. फेब्रुवारीत रोपे वाटू. ज्यांनी घराकडच्या सऱ्या तणनाशकाशिवाय भांगलल्या असतील, त्यांची नावे यादीत आधी लागतील. यादी चिटबॉयकडे आहे, नाव वहिनींच्या नावाने दिले तर उत्तम.